दारावरची घंटा बदलते तेव्हा

एखाद्या जुन्या दूरचित्रवाणी मालिकेचे सारे भाग निर्मात्या कंपनीच्या कोठारात सुखरूप आहेत. ते घरी आणून मुलाबाळांसह पाहावेत अशी इच्छा असलेली हजारो कुटुंबे आहेत. कॅसेट किंवा डीव्हीडी काढणे ही काही फार खर्चाची बाब नाही. आणि तरीही ती मालिका वर्षानुवर्षे बाजारात येत नाही. असे का व्हावे? 'जुने आता कोणाला हवे आहे?' हे या प्रश्नाचे नेहमी दिले जाणारे उत्तर. ते सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. अमेरिकेतील काही गाजलेल्या मालिकांचा इतिहास चाळला तर असे दिसते, की त्या अडून बसल्या त्या प्रेक्षक नव्हता म्हणून नव्हे, तर त्यांच्यातील गाणी दुसऱ्यांची होती म्हणून. आणि त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की त्यांपैकी काही मालिका शेवटी घरोघरी पोहोचल्या तेव्हा त्या पूर्वीच्या उरल्या नव्हत्या.

आम्हांला येथे मुख्यतः एकाच मालिकेविषयी लिहावयाचे आहे. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' हे तिचे नाव. ह्यू विल्सन यांनी ती रचली आणि १८ सप्टेंबर १९७८ रोजी सीबीएस वाहिनीवर तिचा पहिला भाग दाखवला गेला. चार हंगाम चालून १९८२ मध्ये ती संपली. ओहायो राज्यातील सिनसिनाटी या खऱ्या शहरात एक काल्पनिक रेडिओ केंद्र आहे. मालकीण एक करारी वृद्धा, व्यवस्थापक तिचाच भिडस्त मुलगा, आणि ध्वनिक्षेपित होते ते वयस्कांना डुलकी लागेल असे मंद वाद्यसंगीत. केंद्र तोट्यात आहे. अँडी ट्रॅव्हिस नावाचा तरुण कार्यक्रम-संचालक येतो आणि एके दिवशी निवेदक जॉनी फीव्हरला सांगतो, की आजपासून आपण रॉक वाजवायचे. हा जॉनी एका क्षुल्लक अशिष्ट शब्दापायी मोठ्या शहरातील नोकरी गमावून येथे येऊन पडलेला, विझत आलेला माणूस. तो चालू तबकडीवरची सुई कर्रकन ओढून काढतो, टेड न्यूजंटचे दणदणीत गाणे लावतो, आणि पाहता पाहता त्या माणसात जीव येतो. पहिल्या भागातील खरी घटना ती हीच. संवाद नंतर येतात. गाणे आधी बोलते.

विल्सन यांचा आग्रह असा होता, की रेडिओ केंद्राची गोष्ट सांगावयाची तर त्यावर त्या वर्षी लोक खरोखर ऐकत होते तीच गाणी वाजली पाहिजेत. इतरांनी अशा ठिकाणी स्टुडिओत बसवलेली नकली धून वापरून वेळ मारून नेली असती. ही गाणी परवडावीत म्हणून मालिका फिल्मऐवजी व्हिडिओ टेपवर चित्रित झाली. कारण टेपवरील कार्यक्रमांना गाण्यांचे दर त्या काळी कमी पडत असत. ही तडजोड पुढे किती महाग पडणार आहे हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

या आग्रहाचे फळ भागाभागांत दिसते. बातमीदार लेस नेसमन हा अंगाने किरकोळ, स्वभावाने ताठ आणि स्वतःविषयी भलत्या कल्पना बाळगणारा गृहस्थ. केंद्रातील देखणी स्वागतिका जेनिफर हिच्याबरोबर बाहेर जाण्याचा योग त्याला येतो तेव्हा तो आरशासमोर उभा राहून टोप चढवतो, आणि मागे फॉरेनर या वाद्यवृंदाचे 'हॉट ब्लडेड' हे उसळते गाणे वाजत असते. माणूस आणि गाणे यांच्यातील ती दरी, हाच तेथला विनोद. दुसऱ्या एका प्रसंगी व्यवस्थापक कार्लसन जॉनीच्या खोलीत डोकावतात. पिंक फ्लॉइडची 'डॉग्ज' ही दीर्घ रचना चालू आहे आणि तिच्यात कुत्र्यांचे भुंकणे मिसळलेले आहे. आपण खरेच कुत्री ऐकतो आहोत का, असे ते बावरून विचारतात. जुन्या पिढीचा एक सज्जन नव्या संगीताच्या दारात गोंधळून उभा आहे, हे दोन-तीन वाक्यांत कळते. त्यासाठी कोणाला व्याख्यान द्यावे लागत नाही.

तथापि या खऱ्या गाण्यांची खरी कसोटी लागली ती विनोदात नव्हे. ३ डिसेंबर १९७९ रोजी सिनसिनाटीच्या रिव्हरफ्रंट कोलिझियममध्ये 'द हू' या ब्रिटिश वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. तिकिटांवर आसनक्रमांक नव्हते. आधी शिरेल त्याला पुढची जागा. दारांशी झालेल्या रेटारेटीत अकरा तरुण प्रेक्षक गुदमरून मेले. दहा आठवड्यांच्या आत, ११ फेब्रुवारी १९८० रोजी, या विनोदी मालिकेने त्या घटनेवर एक संपूर्ण भाग केला. पूर्वार्धात कार्यक्रमाची लगबग आणि हुरूप. उत्तरार्धात दुसऱ्या दिवसाचे सुन्न कार्यालय. जी मंडळी तिकिटांची जाहिरात करीत होती तीच आता आपला त्यात काही वाटा होता का, असे स्वतःला विचारत आहेत. आमच्या मते मालिकेतील हा सर्वांत धीट भाग. तो शक्य झाला, कारण त्या काल्पनिक केंद्रावर पहिल्या दिवसापासून खरे संगीत वाजत होते. नकली धुनांवर चालणाऱ्या केंद्राला खऱ्या शहरातील खऱ्या मृत्यूंविषयी बोलण्याचा अधिकारच पोहोचला नसता.

आता व्यवहाराकडे वळू. गाणे पडद्यावर वापरावयाचे तर दोन परवानग्या लागतात. एक शब्द-स्वररचनेची, ती गीतप्रकाशकाकडून. दुसरी विशिष्ट ध्वनिमुद्रणाची, ती रेकॉर्ड कंपनीकडून. एका गाण्याचे तीन रचनाकार असले आणि त्यांचे प्रकाशक वेगवेगळे असले, तर दारे वाढत जातात. १९७० च्या दशकात निर्मात्यांनी या परवानग्या घेतल्या त्या प्रक्षेपणापुरत्या आणि ठरावीक मुदतीच्या. घरी ठेवण्याच्या कॅसेटचा विचार त्यांत नव्हता, कारण मालिका घरी विकत घेऊन ठेवता येईल अशी वस्तूच कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती.

याविषयी १९८८ मध्ये अमेरिकेतील नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने दिलेला एक निकाल वाचण्यासारखा आहे. 'मीडियम कूल' या १९६९ च्या चित्रपटात एक गाणे होते आणि परवान्यात ते 'दूरचित्रवाणीद्वारे' दाखवण्याची मुभा होती. कंपनीचे म्हणणे असे, की कॅसेटही शेवटी दूरचित्रवाणी संचावरच पाहिली जाते, तेव्हा वेगळी परवानगी कशाला? न्यायालयाने ते मानले नाही. दूरचित्रवाणीवर काय आणि केव्हा दाखवायचे हे प्रक्षेपण करणारा ठरवतो. कॅसेट हाती आली की ते प्रेक्षक ठरवतो. पडदा तोच असला तरी या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि करार लिहिताना दुसरी अस्तित्वातच नव्हती तर ती त्यात गृहीत कशी धरावी? कायद्याच्या भाषेत सांगितलेली ही गोष्ट आमच्या दृष्टीने समीक्षेचीही आहे. मालिका घरच्या कपाटात आली की ती पुस्तकासारखी होते. मागे-पुढे करता येते, पुन्हा पाहता येते, मुलांना दाखवता येते. म्हणजे नेमक्या ज्या अवस्थेत ती टिकाऊ कलाकृती ठरावयाची, त्याच अवस्थेची परवानगी तिच्याजवळ नाही.

या अडचणीतून कंपन्यांनी जो मार्ग काढला तो आम्हांला अडचणीपेक्षा अधिक चिंताजनक वाटतो. मूळ मुदती संपल्यावर 'डब्ल्यूकेआरपी'च्या पुनःप्रक्षेपणाच्या प्रतींतून खरी गाणी काढून त्या जागी भाडोत्री धुना भरण्यात आल्या. जेथे गाण्यावरच संवाद होता तेथे काही ठिकाणी नटांसारखा आवाज काढणारी दुसरी माणसे आणून वाक्ये पुन्हा म्हणवून घेतली गेली. २००७ मध्ये फॉक्स कंपनीने पहिला हंगाम डीव्हीडीवर आणला तोही पुष्कळसा याच रीतीने. गाणी बदललेली, काही प्रसंग छाटलेले. चाहत्यांनी नाराजी दाखवली आणि पुढचे तीन हंगाम त्या कंपनीने काढलेच नाहीत. यावरून 'जुन्या मालिकेला गिऱ्हाईक नाही' असा निष्कर्ष काढणे म्हणजे पाणी घातलेले दूध विकून गावाला दुधाची आवड नाही म्हणण्यासारखे आहे.

यांतील एक बदल अगदी लहान आहे. आम्हांला तोच सर्वांत बोलका वाटतो. जेनिफरच्या उंची सदनिकेच्या दारावरची घंटा 'फ्लाय मी टू द मून' या गाण्याची चाल वाजवीत असे. बार्ट हॉवर्ड यांचे हे १९५४ चे गाणे १९६० च्या दशकातील मद्यालये, मंद दिवे, श्रीमंत प्रौढ प्रशंसक यांची आठवण करून देणारे. ही बाई स्वागतिकेच्या पगारात अशी कशी राहते, याचे मिस्कील उत्तर घंटेच्या चार सुरांत होते. नंतरच्या प्रतींत घंटा वाजते, पण ती 'ब्यूटिफुल ड्रीमर'ची. हे स्टीफन फॉस्टर यांचे गीत. ते १८६४ मध्ये वारले. त्यांच्या रचनेवर आज कोणाचा हक्क नाही, म्हणून ती फुकट मिळाली. सूर गोड आहे. दृश्यात काही खटकत नाही. नवा प्रेक्षक हसतही असेल. पण सुमारे नव्वद वर्षे मागचे एक भाबडे प्रेमगीत त्या दारावर आले आणि जेनिफर थोडी निराळी बाई झाली. कापलेला प्रसंग निदान रिकामी जागा सोडतो. अशी बेमालूम अदलाबदल तीही सोडीत नाही.

आपल्याकडील वाचकांना याची कल्पना यावी म्हणून लग्नाच्या कॅसेटची आठवण करून देतो. व्हिडिओ शूटिंगचे वेड नवीन होते त्या वर्षांत कॅसेट तयार करणारे मूळ आवाज पुसून त्यावर चालू चित्रपटगीते चढवीत असत. चित्र आपल्याच अंगणातले. मांडवात म्हाताऱ्या बाया ओठ हलवीत बसलेल्या दिसतात. पण त्या काय गात होत्या ते आता कोणाला ऐकू येणार नाही, कारण त्यांच्या तोंडी त्या वर्षीचे एखादे हिंदी युगुलगीत आहे. कॅसेट सुबक झाली असे तेव्हा सर्वांना वाटले होते. त्या बायांतील पुष्कळ जणी आज नाहीत.

गाण्याच्या मालकांना खलनायक ठरवणे मात्र आम्हांला मान्य नाही. गीतकार आणि संगीतकार यांची पोटे याच परवान्यांवर चालतात, आणि ज्याने एक चाल बांधली त्याला ती दुसऱ्याच्या धंद्यात वापरली जात असताना मोबदला मिळावा हे न्याय्यच आहे. प्रश्न मोबदल्याच्या आकाराचा आणि हिशेबाच्या एकेरीपणाचा आहे. 'हार्ट ऑफ ग्लास' हे ब्लाँडीचे गाणे अमेरिकेत लोकप्रिय होण्यास या मालिकेचा हातभार लागला असे मानले जाते. आभारादाखल मिळालेली सुवर्ण-तबकडी मालिकेच्या कार्यालयाच्या भिंतीवर टांगलेली दिसते. रेडिओ केंद्राची ही गोष्ट एका परीने रेकॉर्ड कंपन्यांची चार वर्षे चाललेली जाहिरातच होती. ते उपकार पुढच्या करारांच्या कोणत्याच रकान्यात बसले नाहीत. कोणी एक दुष्ट आहे असे नाही. प्रत्येक कार्यालय आपल्या मेजावरचा कागद तेवढा पाहत होते.

आणि धीर धरला तर मार्ग निघतो याचेही उदाहरण आहे. 'द वंडर इयर्स' ही मालिका १९८८ ते १९९३ या काळात एबीसी वाहिनीवर झाली. स्टार वाहिन्यांमुळे आपल्याकडील काही घरांतही ती पाहिली गेली. १९६० च्या दशकाअखेरीस वाढणाऱ्या केविन अर्नोल्ड या मुलाची ही गोष्ट. पहिल्या भागाच्या शेवटी शेजारच्या विनीचा भाऊ व्हिएतनाममध्ये मारला गेल्याची बातमी येते, रानात ती दोन मुले एकमेकांशेजारी बसतात आणि पर्सी स्लेजचे १९६६ मधील एक आर्त प्रेमगीत सुरू होते. गाणे मोठ्यांचे आहे, दुःख मोठ्यांचे आहे, मुले मात्र बारा वर्षांची. ते गाणे काढले तर त्या दृश्यात केवळ दोन गोड मुले उरतात. या मालिकेत अशी तीनशेच्या आसपास गाणी. मध्यंतरी इंटरनेटवरून दाखवल्या गेलेल्या प्रतींत जो कॉकर यांच्या शीर्षकगीताच्या जागीही दुसऱ्याचा आवाज होता. अखेरीस २०१४ मध्ये डीव्हीडी-संच निघाला तो बहुतेक सर्व मूळ गाण्यांसह, जो कॉकरसह. मालिका संपल्यापासून एकवीस वर्षे लागली. संच महाग होता. आम्ही त्या किमतीला नावे ठेवणार नाही.

सगळ्याच मालिका गाण्यांपायी अडत नाहीत, हे सांगितले पाहिजे. १९६६ च्या 'बॅटमॅन'चे चित्रण एका कंपनीचे आणि पात्रे दुसरीच्या घरातली, म्हणून तिचे १२० भाग २०१४ पर्यंत घरी येऊ शकले नाहीत. उलट, ज्या कार्यक्रमात दुसऱ्याचे काहीच नसते तो किती सहज हिंडतो हे आपल्या वाचकांना ठाऊक असलेल्या एका नावावरून दिसेल. बिशप फुल्टन शीन यांचा 'लाइफ इज वर्थ लिव्हिंग' १९५२ मध्ये ड्यूमाँट वाहिनीवर सुरू झाला. एक झगा, एक फळा, त्यावर वरच्या बाजूला येशू-मरिया-योसेफ यांची आद्याक्षरे, आणि हातात कागद न घेता बोलणारा एक माणूस. त्याचे पुष्कळ भाग कॅसेटवर आले, डीव्हीडीवर आले, कॅथलिक वाहिन्यांवर पुन्हा पुन्हा दाखवले गेले. मात्र त्याच ड्यूमाँटच्या इतर कार्यक्रमांपैकी फारच थोडे उरले आहेत. ती वाहिनी १९५६ मध्ये संपली, आणि अभिनेत्री ईडी अ‍ॅडम्स यांनी १९९६ मध्ये काँग्रेस ग्रंथालयापुढे दिलेल्या साक्षीप्रमाणे तिची उरलेली मुद्रणे १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या उपसागरात लोटून देण्यात आली. त्यांच्याबाबत परवान्याचा प्रश्नच उरला नाही.

'डब्ल्यूकेआरपी'ची मूळ गाणी प्रदीर्घ काळ जिवंत राहिली ती कंपनीच्या कोठाराबाहेर. सामान्य माणसांनी आपल्या व्हीसीआरवर पहिल्या प्रक्षेपणाच्या, किंवा गाणी बदलण्याआधीच्या पुनःप्रक्षेपणाच्या, कॅसेट भरून ठेवल्या होत्या. नंतर पाहता यावे म्हणून घरी असे ध्वनिचित्रमुद्रण करणे हा गुन्हा नव्हे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ठरवले होते. त्या प्रती विकणे ही वेगळी गोष्ट, आणि तिचे समर्थन आम्ही करीत नाही. पण काय बदलले हे ताडून पाहता आले ते या खरखरीत, जाहिरातींसकटच्या घरगुती कॅसेटमुळेच.

मराठी ख्रिस्ती वाचकाला यात अपरिचित काही वाटू नये. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६, १६४९ आणि १६५४ असे तीनदा छापले गेले, आणि त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो भाविकांनी हाताने उतरून काढलेल्या पोथ्यांमधून. १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला तोही हस्तलिखितांच्याच आधारे. पोथ्यांत पाठभेद असतात, पण दोन पोथ्या शेजारी ठेवून अभ्यासक पाठ ठरवू शकतो. म्हणून आम्हांला वाटते, की जुन्या मालिकेची डीव्हीडी परीक्षणासाठी हाती आली की परीक्षकाने अभिनय आणि कथानक यांवर लिहिण्याआधी ही संहिता कोणती, हे विचारले पाहिजे. वेष्टनाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत 'काही संगीत बदलले असण्याची शक्यता आहे' असे लिहून कंपनी मोकळी होते. कोठे, किती आणि कशाच्या जागी काय, हे सांगण्याचे कष्ट ती घेत नाही. पुस्तकाच्या प्रकाशकाकडून आपण हे चालवून घेतले नसते. गाणे मिळाले नाही म्हणून एखादी मालिका आणखी दहा वर्षे थांबली तर आम्हांला चालेल. ती गुपचूप बदलून येणे चालणार नाही.

'डब्ल्यूकेआरपी'चे चारही हंगाम २०१४ च्या ऑक्टोबरात शाउट फॅक्टरी या लहान कंपनीने एकत्र काढले. बहुतांश मूळ गाणी तिने पुन्हा मिळवली, सर्व मात्र मिळाली नाहीत. ज्यांना ही मालिका पाहावयाची असेल त्यांनी २००७ चा संच टाळून हाच शोधावा. 'मर्फी ब्राउन' या मालिकेचे चाहते तेवढे सुदैवी ठरले नाहीत. तिच्या सुरुवातीच्या हंगामांत मोटाउनची गाणी भरपूर होती. २००५ मध्ये तिचा पहिला हंगाम डीव्हीडीवर आला आणि मूळ दहापैकी पुढचे नऊ त्यामागोमाग आले नाहीत.